टक्के कमी झाले, पण कशाचे?

आमच्या वहिनी घरी ब्लाउज शिवतात. जुनी मशीन कुरकुरायला लागली म्हणून त्यांनी दुकानात भाव विचारून ठेवला होता. करासह 5600 रुपये. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून शिलाई मशीनवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. वहिनी पुन्हा गेल्या, तर दुकानदाराने 5250 सांगितले.

वहिनी तणतणतच घरी आल्या. ‘‘बारातून पाच गेले, सात उरले. 5600 चे सात टक्के 392. म्हणजे मशीन 5208 ला मिळायला हवी. मेला 42 रुपये खातो!’’

आठवीतल्या पुतणीने वही पुढे ओढली. ‘‘आई, सात टक्के खरे, पण कशाचे?’’

कर लागतो तो मशीनच्या मूळ किमतीवर. शंभराच्या वस्तूचे करासह 112 होत होते. म्हणून 5600 ला 112 ने भागायचे आणि 100 ने गुणायचे. मूळ किंमत आली 5000. तिच्यावर पूर्वी 600 कर होता, आता 250. म्हणजे 5250. दुकानदार खरा होता. वहिनी भांडायला परत गेल्या नाहीत हे बरेच झाले.

मग किंमत किती टक्क्यांनी उतरली? कमी झाले 350. त्याला आधीच्या किमतीने, म्हणजे 5600 ने भागून शंभराने गुणले की 6.25 टक्के येतात. इथे पुष्कळ मुले 5250 ने भागतात आणि परीक्षेत मार्क घालवतात. घट मोजताना भागायचे ते नेहमी आधीच्या आकड्याने, एवढे त्यांच्या मनात पक्के बसवा. ‘50 टक्के, वर आणखी 20 टक्के सूट’ या पाटीतही तेच आहे. हजाराची साडी आधी 500 ला येते आणि पुढचे 20 टक्के त्या 500 चे सुटतात. साडी 400 ला पडली. सूट झाली 60 टक्के, 70 नव्हे.

इतका वेळ दादा जेवता जेवता नुसते ऐकत होते. ताट बाजूला सारून म्हणाले, ‘‘माझंही एक गणित सोडव बरं.’’

2020 च्या टाळेबंदीत त्यांच्या कारखान्यात पगार 20 टक्क्यांनी कापला गेला. 15000 चे 12000 झाले. दोन वर्षांनी मालकाने सांगितले, 20 टक्के कापले होते, 20 टक्के वाढवतो, फिटंफाट. सगळ्यांनी सह्या केल्या.

पुतणीने मांडले. 12000 चे 20 टक्के 2400. पगार झाला 14400. पंधरा हजारांवर परत यायला 3000 वाढायला हवे होते, म्हणजे 12000 वर 25 टक्के. महिन्याला 600 कमी, वर्षाला 7200.

‘‘हातात कमी येतंय हे कळत होतं,’’ दादा म्हणाले, ‘‘पण वीस गेले, वीस आले, मग बोलणार काय?’’

वहिनी म्हणाल्या, ‘‘आणि मी 42 रुपयांसाठी भांडायला निघाले होते!’’

दुसऱ्या दिवशी दादांनी ट्रंकेतून 2020 ची पगाराची चिठ्ठी शोधून काढली. वहीचे ते पान फाडून तिला टाचले आणि दोन्ही कागद डब्याच्या पिशवीत घातले. कारखान्यात सह्या करणारे ते एकटे नव्हते.