बालवाडीची ओसरी, माती आणि करंजाची सावली

तीन ते सहा वर्षांचे मूल जग समजून घेते ते शब्दांपेक्षा हातांनी, तळपायांनी आणि नाकाने अधिक, आणि म्हणून या वयाच्या मुलांसाठी जागा बांधताना भिंती आणि छप्पर यांच्याइतकाच जमिनीचा, सावलीचा व पाण्याचा विचार झाला पाहिजे, हा बालशिक्षणातील जुना आग्रह आहे. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी 1837 मध्ये ब्लँकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले, तेव्हा त्यांच्या योजनेत बाग ही शोभेची वस्तू नव्हती. प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा आणि त्याबरोबर सर्वांनी मिळून राखायचे सामाईक वाफे, अशी ती शिकण्याचीच जागा होती.

महाराष्ट्रात हा विचार खऱ्या अर्थाने मातीत उतरवला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत माँटेसरी पद्धतीचे काम केलेल्या ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरीची लाकडी साधने महाग, आणि वारली पाड्यांवरील मुलांना परकी. तेव्हा त्यांची जागा शिंपल्यांनी, बियांनी, पानांनी, खड्यांनी व मातीच्या मण्यांनी घेतली. मोजणे, लहानमोठे ओळखणे, खरखरीत आणि गुळगुळीत यांतला फरक जाणणे हे सारे त्यांतून साधले. मुले बालवाडीपर्यंत येत नसतील तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावे, आणि गुरे राखणारी मोठी मुले कुरणात असतील तर शाळाही कुरणात भरावी, ही ‘कुरणशाळे’ची कल्पना तिथलीच. इमारत आधी आणि मुले नंतर हा क्रम तेथे उलटला गेला, हे त्या प्रयोगाचे सर्वांत मोठे देणे म्हणावे लागेल.

भंडारा जिल्ह्यात हा उलटा क्रम लागू करायचा तर सामग्रीची वाण नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. कोहळी समाजाच्या पिढ्यांनी बांधलेले, मालगुजारी संपल्यावर ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून नोंदले गेलेले जलाशय, त्यांच्या पाळी, खालच्या बांध्या म्हणजे धानाची खाचरे, आणि साकोलीच्या बाजूला मोह, तेंदू व पळसाचे जंगल. तरीही गावोगाव नेहमी दिसणारे दृश्य असे की, अंगणवाडीची एक सिमेंटची खोली, समोर तापणाऱ्या पेव्हर ब्लॉकचा चौथरा आणि भिंतीवर रंगवलेला जिराफ. भिंतीपलीकडे बगळे उतरलेली बांधी असते, पण खिडकीची उंची मोठ्या माणसाच्या मापाची असल्याने मुलाला दिसतो तो जिराफच. रंगवलेली भिंत वाईट नाही, परंतु तिला निसर्गाशी नाते जोडणे म्हणता येत नाही.

बदलाची सुरुवात आत आणि बाहेर यांच्यामधल्या जागेपासून, म्हणजे ओसरीपासून, करणे सर्वांत फलदायी ठरते. अंगणवाडीच्या इमारतीसाठी शासकीय मार्गदर्शनात किमान 600 चौरस फुटांचे माप दिलेले आहे. या मापात मोठी ओसरी बसत नाही असे वाटत असेल, तर खोलीला लागून उतरत्या छपराची पडवी काढता येते, आणि गावातल्या जुन्या घरांनी ती पिढ्यान् पिढ्या काढलेली आहे. पावसाळ्यात धानाची रोवणी चालू असताना मुलांना कोंडून न ठेवता पाऊस पाहता, ऐकता व हात बाहेर काढून झेलता यावा, आणि उन्हाळ्यात खोलीच्या तोंडाशी सावलीचा पट्टा राहावा, ही दोन्ही कामे ती करते. ओसरी उत्तरेला किंवा पूर्वेला असावी. पश्चिमेकडून येणारे दुपारचे ऊन भंडाऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत असह्य असते. खिडकीची खालची कड जमिनीपासून दीड-दोन फुटांवर आणली तर बसलेल्या मुलालाही बाहेरचे दिसते. गज मात्र पक्के आणि जवळजवळ हवेत.

झाड निवडताना त्याच्या पानगळीचे वेळापत्रक पाहावे, ही गोष्ट वृक्षारोपणाच्या उत्साहात सहसा सुटते. पळस फुलतो तेव्हा त्याच्यावर पान जवळजवळ नसते, आणि मोहाची फुले गळतात त्या दिवसांत त्याचीही सावली विरळच. म्हणून ही झाडे अंगणाच्या कडेला पाहण्या-वेचण्यासाठी उत्तम, पण छत म्हणून अपुरी. उलट करंज आणि कडुनिंब उन्हाच्या तोंडावर कोवळी पालवी धरतात, म्हणून पश्चिमेच्या भिंतीला त्यांची ओळ लावणे शहाणपणाचे. वडा-पिंपळाला मात्र इमारतीपासून दूरच ठेवावे, कारण त्यांची मुळे पाया उचलतात. बिया गोळा करणे, पानांचे आकार जुळवणे, शेंगा खुळखुळवणे यांसाठी वेगळे साहित्य विकत आणावे लागत नाही. इंग्रज कलावंत सायमन निकोल्सन यांनी 1971 मध्ये मांडलेला ‘सुट्या वस्तूंचा’ सिद्धांत, म्हणजे हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितकी मुलांची कल्पकता जास्त खेळते हा विचार, कोसबाडला त्याआधीच हाताळला गेला होता.

मातीच्या बाबतीत हा जिल्हा विशेष श्रीमंत आहे. कन्हार, मोरांड, खर्डी, बर्डी अशी जमिनीची नावे येथील शेतकऱ्याला ठाऊक असतात. काळ्या कन्हारीचा गोळा आणि रेताड बर्डीचा ढीग शेजारी ठेवला की पाणी कुठे थांबते व कुठे झिरपते हे चार वर्षांचे मूलही पाहू शकते. मातीत खेळणे आरोग्याला धोक्याचे, असा पालकांचा समज असतो आणि जंतांच्या बाबतीत तो निराधार नाही. खेळानंतर साबणाने हात धुणे व गुराढोरांपासून जागा राखणे आवश्यकच. परंतु फिनलंडमधील संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाळणाघरांच्या उजाड अंगणांत जंगलातील माती व हिरवळ आणल्यावर 28 दिवसांत मुलांच्या त्वचेवरील जिवाणूंची विविधता वाढली आणि प्रतिकारशक्तीच्या नियमनाशी निगडित खुणा सुधारल्या, असे आढळले. अभ्यास लहान होता, ही मर्यादा लक्षात ठेवून त्याकडे पाहिले पाहिजे.

पाण्याविषयी मात्र तडजोड चालत नाही. तलावांच्या प्रदेशात लहान मुलांसाठी उघडे खोल पाणी हा खरा धोका असल्याने अंगणात टाके किंवा खड्डा ठेवू नये. हौदाऐवजी हापशाच्या सांडपाण्याचा उथळ पाट, त्यातून होडी सोडणे आणि शेवटी परसबागेचे वाफे भिजणे, एवढे पुरेसे आहे. कुंपणाला काय लावावे यालाही महत्त्व आहे. मोगली एरंडाच्या बिया खाऊन मुलांना विषबाधा होण्याचे प्रकार घडतात. कण्हेर, बिट्टी, धोतरा आणि गुंज हेही मुलांच्या हाती लागू नयेत. त्यांऐवजी मेंदीचे कुंपण घट्ट होते आणि मुलांच्या उपयोगालाही येते. साप-विंचवांसाठी विटांचे ढीग व गवत वेळेवर हटवणे हाच उपाय. अंगण फरसबंद करणे हा नव्हे.

टोकियोजवळच्या फुजी बालवाडीत, जिची इमारत 2007 मध्ये पूर्ण झाली, मोठी झाडे छपरातून वर गेलेली आहेत आणि मुले त्या गोल छपरावर धावतात. तिची छायाचित्रे भारतात पुष्कळ फिरतात. तिचे अनुकरण भंडाऱ्यात करण्याची गरज नाही, पण झाड आधी आणि भिंत नंतर हा तिचा नियम येथेही खर्चाविना पाळता येतो.

राहिला प्रश्न राखणीचा, आणि बहुतेक योजना येथेच अडतात. परसबागेला पाणी घालणे, वाळू चाळणे, कुंपण छाटणे ही कामे सेविका आणि मदतनीस यांच्यावर आणखी लादली तर बाग दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही. त्यांच्याकडे आहार, वजने आणि नोंदींचे काम आधीच पुरेसे आहे. त्यामुळे ग्रामपंचायतीने नव्या अंगणवाडीचा आराखडा मंजूर करताना पेव्हर ब्लॉकच्या रकमेतून ओसरी, कुंपण आणि नळजोड करून घ्यावा, सुट्टीच्या दिवसांतील पाण्याची जबाबदारी लेखी कोणाकडे तरी सोपवावी, आणि जागेवर उभे असलेले झाड तोडण्याचा प्रस्ताव आला तर आराखडा परत पाठवावा.