प्राणरक्षणाचा हक्क आणि मानरक्षणाचा हट्ट

लोकव्यवहार आणि फौजदारी कायदा : लेखांक सहावा

खून आणि सदोष मनुष्यवध यांच्यामधील सीमारेषा न्यायालये कशी आखतात, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. त्या सीमारेषेवर वारंवार येऊन उभ्या राहणाऱ्या मामल्यांचा एक वर्ग असा आहे, की ज्यांच्या मुळाशी ना पिढीजात वैर असते, ना द्रव्याचा लोभ; गाडीला गाडी घासते, नळावर कोणाचा हंडा कोणी मागे सारतो, वाटेत उभी केलेली हातगाडी हलविण्यास कोणी नकार देतो, आणि घटकाभरात एक मनुष्य जिवास मुकतो व दुसरा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. अशा प्रसंगी आरोपीची कैफियत बहुधा एकच असते : ‘मी हात उचलला नसता, तर आज मीच मेलो असतो.’ ही कैफियत कधी अक्षरशः खरी असते, तर कधी मागाहून रचलेली असते. तिचा खरेखोटेपणा कोणत्या कसोटीवर पारखावयाचा, हा आजचा विषय आहे.

या विषयाचे सारे मर्म एका खटल्यात एकवटलेले आढळते. उत्तर प्रदेशातील बदायूँ गावच्या भाजी मंडईत ७ जून १९७० रोजी सकाळी एक गिऱ्हाईक खरबुजांची पाटी घेण्यास आले. पाटी दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवली आहे, असे मंडईच्या मक्तेदाराने सांगितले. शब्दाने शब्द वाढला. आणि ‘या मंडईचा मक्तेदार मी आहे, येथे माझाच शब्द अखेरचा,’ अशा अर्थाचे काही मक्तेदार बोलून गेला. गिऱ्हाईक तणतणत निघून गेले. फिर्यादी पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे तासाभराने तोच इसम आपल्या तीन मुलांसह परतला. त्याच्या हाती सुरा होता, एका मुलाच्या हाती बंदूक आणि इतर दोघांच्या हाती लाठ्या. मंडईत कोणाचा अंमल चालतो ते पाहू, असे आव्हान देत ते मक्तेदाराच्या गादीवर चालून गेले. मक्तेदार शेजारच्या कोठडीत शिरू पाहत असतानाच मुलाने त्यास अगदी जवळून गोळी घातली. बचावाची हकीकत निराळी होती : मक्तेदाराच्या माणसांनी लाठ्या चालविल्या, बापाच्या जिवावर बेतले, म्हणून मुलाने नाइलाजाने चाप ओढला.

सत्र न्यायालयाने बापलेकांना दोषी ठरविले, उच्च न्यायालयाने दोघांना सोडून दिले, आणि राज्य सरकारच्या अपिलावर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाची मुक्तता रद्द करून त्यास जन्मठेप सुनावली. बापाची मुक्तता मात्र कायम राहिली. निकालपत्र लिहिले होते न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी. त्यात त्यांनी जे तत्त्व मांडले, त्याचा आशय असा : खासगी संरक्षणाचा हक्क हा बचावाचा आहे, सूडाचा नव्हे, समोर येऊन ठेपलेल्या संकटात सद्भावाने वागणाऱ्यास तो मिळतो, परंतु ज्याने आक्रमणाला ढाल मिळावी म्हणून संकटाचा प्रसंग स्वतःच घडवून आणला, त्यास तो मिळू शकत नाही, आणि कोणी बंदूक घेऊन दुसऱ्याचा प्राण घेण्यास गेला असता त्या दुसऱ्याने प्रतिकार केला, तर तो प्रतिकार मोडून काढण्यासाठी केलेली हत्या ही आत्मसंरक्षण ठरत नाही.

हे तत्त्व ज्या तरतुदींवर उभे आहे, त्या आपल्या कायद्यात दीर्घकाळ स्थिर आहेत. १८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ९६ ते १०६ यांत खासगी संरक्षणाचा हक्क सांगितला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने तो कलम ३४ ते ४४ यांत जवळजवळ जसाच्या तसा घेतला. आपल्या किंवा दुसऱ्याच्याही शरीराचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास आहे. परंतु त्या हक्काखाली समोरच्याचा प्राण घेण्यापर्यंत मजल केव्हा जाऊ शकते, याची यादी कायद्याने बांधून दिली आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी धास्ती, बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या हेतूने केलेला हल्ला, २०१३ मध्ये या यादीत आलेला ॲसिडहल्ला, अशी ती मोजकी कारणे आहेत. त्या यादीत शिवीगाळ नाही, धक्काबुक्की नाही, चारचौघांत झालेली मानहानी तर नाहीच नाही. शिवाय, सरकारी यंत्रणेकडे दाद मागण्यास अवसर असेल तेथे हा हक्क उरत नाही, आणि आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करण्याची मुभा तो कधीही देत नाही.

या हक्काला आरंभ आहे तसा अंतही आहे, आणि खटल्यांचा निकाल बहुधा त्या अंताच्या क्षणावर लागतो. प्रत्यक्ष वार होईपर्यंत थांबावे असे कायदा म्हणत नाही. हल्ल्याच्या प्रयत्नातून किंवा धमकीतून धास्ती उत्पन्न झाली की हक्क उत्पन्न होतो, आणि ती धास्ती टिकते तोवरच तो टिकतो. १९६२ साली पंजाबातील एका शेतजमिनीच्या तंट्यावरील अपिलात न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी या दोन्ही बाजूंचे विवेचन केले. हल्ल्याच्या छायेत सापडलेल्या माणसाने पळूनच जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, आणि प्राणसंकटात त्याने वापरलेल्या बळाचे माप सोन्याच्या तराजूत तोलावयाचे नाही, इतकी उदार दृष्टी त्यांनी ठेवली. पण त्याच निकालात, हल्लेखोर मागे फिरल्यावर, संकट टळल्यावर, दूर असलेल्या माणसांवर गोळ्या झाडणाऱ्यांना ते संरक्षण त्यांनी नाकारले. संकटात सापडलेल्यास सवलत आणि संकट सरल्यावरही थांबू न शकणाऱ्यास शिक्षा, हे दोन्ही एकाच न्यायबुद्धीतून येते, हे येथे स्पष्ट दिसते.

आपल्याकडे चावडीवर आणि चौकात पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की ‘आधी हात कोणी उगारला?’ या प्रश्नाला महत्त्व आहेच. परंतु तो एकटा पुरेसा नाही. पहिली थप्पड मारणारा मनुष्य पुढच्या क्षणी हात जोडून मागे सरत असेल, तर त्याच्या छातीत सुरा खुपसणाऱ्याला त्या थप्पडेचा आधार घेता येत नाही. उलट, दोन्ही पक्ष लढण्याच्याच तयारीने मैदानात उतरले असतील, तर आक्रमण कोणाचे आणि बचाव कोणाचा हा भेदच तेथे निरर्थक होतो, आणि प्रत्येकजण आपापल्या कृत्यापुरता जबाबदार ठरतो. बदायूँच्या खटल्यात ज्याच्या अपमानापासून सारा अनर्थ उद्भवला तो सुटला आणि ज्याने चाप ओढला त्यास जन्मठेप झाली, हे ज्यांना चमत्कारिक वाटेल त्यांनी हे ध्यानी घ्यावे, की फौजदारी कायदा दोषाची वाटणी भांडणाच्या कुळकथेवरून करीत नाही. कोणत्या क्षणी कोणी कोणते कृत्य कोणत्या हेतूने केले, हे तो प्रत्येकाच्या बाबतीत स्वतंत्रपणे पाहतो.

मग खरोखरच भ्यालेल्या माणसाकडून अतिरेक झाला तर काय? कायद्याने त्याचाही विचार केला आहे. सद्भावनेने हक्क बजावताना, पूर्वविचार न करता आणि आवश्यकतेहून अधिक इजा करण्याचा हेतू नसताना, कोणी मर्यादा ओलांडून समोरच्याचा प्राण घेतला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. मजुरांनी दगडविटांचा मारा केला असता आपल्या खोलीतून गोळी झाडून एका मजुराचा प्राण घेणाऱ्या कारखानदाराच्या मामल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच मार्ग धरला : रक्षणाचा हक्क होता, पण तो ओलांडला गेला. पुराव्याच्या बाबतीतही आरोपीवर असह्य बोजा टाकलेला नाही. आपला बचाव शाबीत करण्याचा भार त्याच्यावर असला, तरी तो निःसंशयतेच्या कोटीपर्यंत नेण्याची गरज नसते. आपली हकीकत अधिक संभवनीय आहे, एवढे दाखविले तरी पुरते, आणि ती फिर्यादी पक्षाच्याच साक्षीदारांच्या उलटतपासणीतून निघाली तरी चालते.

परदेशातील एक उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने २००५ मध्ये असा कायदा केला, की जेथे असण्याचा मनुष्यास अधिकार आहे तेथे हल्ला झाल्यास मागे हटण्याचे बंधन त्याच्यावर नाही. जुलै २०१८ मध्ये त्या राज्यातील क्लिअरवॉटर येथे एका दुकानासमोर, अपंगांसाठी राखलेल्या जागी मोटार उभी केल्यावरून एका इसमाने मोटारीतील स्त्रीशी हुज्जत घातली. तिचा जोडीदार दुकानातून बाहेर आला, त्याने त्या इसमास ढकलून पाडले, आणि पडलेल्याने पिस्तूल काढून त्यास ठार केले. तेथील शेरीफने आरंभी त्या कायद्याकडे बोट दाखवून अटक करण्याचे नाकारले. परंतु दुकानाच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रफितीत मृत इसम पिस्तूल पाहून मागे सरकताना दिसत होता. खटला उभा राहिला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ज्यूरीने आरोपीस मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले. पुढे त्यास वीस वर्षांची कैद झाली. कायदा हक्क कितीही रुंद करो, धोका मागे सरत असताना झाडलेल्या गोळीचे समर्थन त्या ज्यूरीला मान्य झाले नाही.

या सर्व विवेचनातून मला जे आग्रहाने सांगावयाचे आहे ते हे, की आत्मसंरक्षणाचा हक्क अत्यंत मोलाचा आहे, आणि म्हणूनच अभिमानाच्या रक्षणासाठी तो खर्ची घालता येणार नाही. बदायूँच्या मंडईत प्राणावर संकट कोणाच्याच नव्हते; मक्तेदाराच्या एका वाक्याने दुखावलेला मान तेवढा होता. भांडण आणि हत्या यांच्यामध्ये तासाभराचा अवधी गेला, आणि त्या अवधीत पोलीस ठाण्यात फिर्याद गुदरता आली असती, दुसऱ्या गाळ्यावर खरबुजे घेता आली असती, घरातल्या कोणा वडीलधाऱ्याने बंदुकीला हात घालणाऱ्यास अडविता आले असते. घरी जाऊन हत्यार घेऊन परत येणाऱ्या माणसाने संरक्षणाचा हक्क आपल्या हातांनी जवळजवळ गमावलेला असतो, ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकांत राहून उपयोगी नाही. ती तरुणांच्या कानी, तालमीत आणि गणेशमंडळाच्या मांडवात, स्पष्ट शब्दांत पडली पाहिजे. भोवती जमणाऱ्या लोकांवरही तेवढीच जबाबदारी येते, कारण ‘सोडू नकोस त्याला’ असे ओरडणाऱ्याच्या वाट्याला शिक्षा येवो वा न येवो, एका मृत्यूत त्याचा वाटा असतो.

अपमानाला फौजदारी कायद्यात मुळीच स्थान नाही, असे मात्र कोणी समजू नये. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाने भान हरपलेल्या माणसाच्या हातून मृत्यू घडला, तर कायदा त्यास निर्दोष म्हणत नाही, पण त्याच्या दोषाची प्रत कमी करतो. तो प्रक्षोभ किती गंभीर असावा आणि किती आकस्मिक, याचा विचार पुढील लेखांकात करू.