अब्बांची टू-स्ट्रोक स्लोवर का टिकत नाही?

कल्याणच्या जुन्या वस्तीत काही घरांच्या दारात अजूनही टू-स्ट्रोक मोटारसायकल उभी दिसते. कुणाची राजदूत, कुणाची येझदी, तर कुणाची यामाहा आरएक्स १००. १९८५ मध्ये आलेली आणि १९९६ मध्ये बनायची थांबलेली ही ९८ सीसीची गाडी. तिच्यावर एका पिढीने नोकऱ्या केल्या, भिवंडीचे हेलपाटे घातले, मुलांना शाळेत सोडले. आता चावी मुलाच्या हाती आली आहे आणि तक्रारी दोनच. पत्री पुलाजवळच्या कोंडीत थांबले की इंजिन बंद पडते, किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी रेस उतरत नाही.

दोन्ही वेळी सर्वांत सोपा उपाय म्हणजे स्लोचा स्क्रू फिरवणे. आवाज तेवढ्यापुरता सुधारतो, आजार मात्र आतच राहतो. हे दोन आजार वेगळे आहेत आणि दुसरा जिवावर बेतू शकतो.

स्लोवर बंद पडते तेव्हा

गाडी उभी असताना इंजिनाला लागणारे थोडेसे पेट्रोल कार्बोरेटरमधल्या पायलट जेटमधून येते. त्याचे भोक अतिशय बारीक. गाडी महिना-दोन महिने न वापरता राहिली की पेट्रोल उडून जाते, मागे चिकट थर उरतो आणि भोक बुजते. म्हणून वेगात गाडी नीट पळते, पण थांबली की मरते.

घरच्या घरी एक चाचणी करा. इंजिन गरम असताना चोक थोडा ओढा. त्याने स्लो सुधारला, तर पेट्रोल कमी पडते आहे असे समजा. मग क्रमाने पाहा : टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे का, कॉकमधून पेट्रोल सलग येते का, आणि शेवटी जेट. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठे होते. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा आहे. साफसफाईनंतर एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन साधारण दीड फेरा बाहेर काढावा आणि तिथून थोडे मागेपुढे करत स्लो जुळवावा.

हे काम मोकळ्या हवेत करावे. स्वयंपाकघराजवळ किंवा पेटत्या सिगारेटपाशी पेट्रोल उघडू नये.

रेस आपोआप चढते तेव्हा

आधी अ‍ॅक्सिलरेटरची केबल अडकत नाही ना, ते पाहा. केबल मोकळी असेल तर संशय बाहेरून आत शिरणाऱ्या हवेवर घ्यावा. कार्बोरेटर आणि इंजिन यांमधला रबरी जोड तडकतो, पॅकिंग सुटते किंवा मॅग्नेटच्या बाजूचे ऑइल सील झिजते. जादा हवा आत गेली की पेट्रोलचे प्रमाण घटते, त्याबरोबर येणारे ऑइलही कमी पडते आणि इंजिन तापते. अशा गाडीवर शिळफाट्याच्या रस्त्याने वेगात जाताना पिस्टन जाम झाला, तर मागचे चाकच अडते. तसे झाल्यास ताबडतोब क्लच दाबून ठेवावा.

जोडावर साबणाचे पाणी शिंपडून पाहा. इंजिनाची चाल बदलली, तर हवा तिथूनच शिरते आहे. जोड ठीक असेल तर मेकॅनिककडून सील तपासून घ्या. प्लगही बोलतो : काळा आणि ओला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, विटकरी-तपकिरी म्हणजे ठीक. गिअरबॉक्सच्या बाजूचे सील गेले तर त्यातले ऑइल आत ओढले जाते आणि पांढरा धूर थांबत नाही.

पाऊस आणि नवे पेट्रोल

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. ओलावा वाढला की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि कॉक पेट्रोल ओढतो ते तळातूनच. त्या थरात ऑइल जवळपास नसतेच. जुने रबरही इथेनॉलने फुगते. म्हणून जून ते सप्टेंबर गाडी उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा, आणि इंधनाची नळी व रबरी भाग नव्या पेट्रोलला चालतील असे घ्या.

२६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनीचे पाणी सखल वस्त्यांत शिरले होते. अशा पाण्यात बुडालेल्या गाडीला किक मारू नये. आधी प्लग काढावा, टाकी, कार्बोरेटर आणि सायलेन्सरमधले पाणी काढून टाकावे, मगच पुढचा विचार करावा.

ऑइलचा हिशेब

आरएक्स १०० मध्ये ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो. राजदूत आणि येझदीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. काही आरएक्समधला पंप पूर्वीच्या मालकाने बंद केलेला असतो. आपल्या गाडीत काय आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. धाकट्याने नुसते पेट्रोल भरले, तर इंजिन काही किलोमीटरांतच संपू शकते. टाकीच्या झाकणाजवळ ‘ऑइल मिसळा’ अशी चिठ्ठी चिकटवली तरी खूप झाले. काळजीपोटी जास्त ऑइल घालणेही चूक. तेवढे पेट्रोल कमी होते, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर काजळीने भरतो.

मेकॅनिककडे जाल तेव्हा “स्लो वाढवून द्या” एवढेच म्हणू नका. गाडी थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर, चोक ओढला की काय होते, धूर कोणत्या रंगाचा येतो, हे सांगा. चांगल्या कारागिराला एवढ्या माहितीवर दिशा मिळते, आणि नको ते भाग बदलण्याचा खर्चही वाचतो.