पिओनीचा हट्ट आणि शेवंतीचा शेजार

चीन देशांत ज्या फुलाला फुलांचा राजा म्हणतात, त्या पिओनीला मराठींत स्वतःचें नांव नाहीं. हा भाषेचा दोष नव्हे. जें फूल दख्खनच्या मातींत कधीं फुललेंच नाहीं, त्याला नांव ठेवणार कोण? परंतु अलीकडे तिचीं चित्रें घरोघर पोंचलीं आहेत; लग्नपत्रिकांवर व कापडांवर तिच्या गेंदेदार पाकळ्या उमटल्या आहेत, आणि तिचे कंद विकत आणून कुंडींत लावण्याचा मोह शहरांतील पुष्पप्रेमी कुटुंबांना होऊं लागला आहे. त्यासाठीं पैसे मोजण्यापूर्वीं पिओनीचा स्वभाव जाणून घेणें हिताचें होईल.

पिओनीचे मुख्य प्रकार दोन. एक लांकडी खोडाची, झुडपासारखी वाढणारी. दुसरी हिवाळ्यांत जमिनीवर संपूर्ण वाळून जाणारी व वसंतांत मुळावरच्या डोळ्यांतून पुन्हां वर येणारी. ह्या दुसऱ्या जातीचे डोळे दोन इंचांहून खोल पुरले गेले, तर झाड पालवतें, पण फुलत नाहीं. लावल्यानंतर चांगलीं फुलें येण्यास बहुधा तिसरें वर्ष उजाडावें लागतें. मात्र एकदां रुजलेली पिओनी एकाच जागीं पन्नास वर्षेंही टिकते. आजीनें लावलेल्या झाडाचीं फुलें नात तोडते. कळ्यांवर गोड रस असतो, म्हणून त्यांवर मुंग्या जमतात. मुंग्यांवांचून कळी उमलत नाहीं, ही समजूत मात्र खरी नव्हे.

इतका धीर धरणारा माळी आपल्याकडेही मिळेल. अडचण निराळीच आहे. पिओनीच्या डोळ्यांना फुलण्यापूर्वीं थंडीची झोंप लागते, आणि ती झोंप एका-दोन रात्रींची नसते. पारा शून्याच्या वर चार-पांच अंशांच्या आसपास कित्येक आठवडे राहावा, तेव्हां कोठें कळी धरते. आतां बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचा विचार करावा. हा तालुका बालाघाटच्या डोंगराळ पठारावर वसलेला. ह्याच तालुक्यांत गौखाडीजवळ मांजरा नदी उगम पावते, आणि सौताड्यास विंचरणा नदी कड्यावरून खोल दरींत कोसळते. पौषांत येथें रात्रीं शेकोट्या पेटतात खऱ्या. पण पारा सहसा दहा-बारा अंशांवरच रेंगाळतो, आणि दुपारीं ऊन अंगाला लागतें. अशा हवेंत पिओनीची झोंप पुरी होत नाहीं. त्यापुढें चैत्र-वैशाखाचा उन्हाळा तिला सोसत नाहीं, तो वेगळाच.

हा हट्ट चिनी लोकांनीं एका दंतकथेंत सांगून ठेविला आहे. वू त्सथ्येन ही इ. स. ६९० ते ७०५ ह्या काळांत चीनच्या सिंहासनावर बसलेली सम्राज्ञी. ऐन हिवाळ्यांत तिनें राजोद्यानांतील सर्व फुलांना उमलण्याची आज्ञा केली. सारीं फुलें भ्यालीं व उमललीं. पिओनी तेवढी उमलली नाहीं. रागावलेल्या सम्राज्ञीनें तिला लोयांग नगरींत हद्दपार केलें, आणि तेथें वसंत येतांच ती बहरली. त्या लोयांगमध्यें १९८३ पासून दरवर्षीं पिओनीचा मोठा उत्सव भरतो. ज्या फुलाला चीनमध्यें ऐश्वर्याचें चिन्ह मानतात, त्याच्या ठायीं राजाज्ञा न जुमानण्याचा करारीपणाही लोकांनीं पाहिला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

भारत मात्र पिओनीला सर्वस्वीं पारखा नाहीं. अफगाणिस्तानापासून पश्चिम नेपाळपर्यंतच्या हिमालयांत तिची एक पांढऱ्या फुलांची जात रानांत आपोआप वाढते. पहाडी लोक तिच्या कोंवळ्या कोंबांची भाजी करितात. युनानी वैद्यकांत पिओनीचें मूळ ‘ऊदसलीब’, म्हणजे क्रुसाचें लांकूड, ह्या नांवानें फार पूर्वींपासून अपस्माराच्या औषधांत वापरलें जातें. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता, आणि त्या संस्थानांत युनानी वैद्यकास राजाश्रय होता. तेव्हां दख्खनशीं पिओनीचा जो संबंध आला, तो फुलाच्या रूपानें नव्हे, वाळक्या मुळाच्या रूपानें. परंतु मूळ खणलें कीं सारें झाडच जातें. म्हणून औषधासाठीं चालणारी बेसुमार खणती ह्या सावकाश वाढणाऱ्या वनस्पतीच्या जिवावर उठते.

मग पाटोद्याच्या अंगणांत पिओनीच्या जागीं काय लावावें? ह्याचेंही उत्तर चीनमधूनच आलेलें आहे. अकराव्या शतकांतील चौ तुन्यी ह्या तत्त्वज्ञानें आपल्या एका छोट्या निबंधांत तीन फुलांची तुलना केली. पिओनी त्याला श्रीमंतांची वाटली, कमळ सज्जनाचें वाटलें, आणि शेवंती एकांतांत राहणाऱ्या विरक्ताची वाटली. ह्यांपैकीं कमळ मुळांतच आपल्या परिचयाचें. विरक्त शेवंती पूर्वेकडून आली आणि येथें संसारी झाली.

तिला पिओनीसारखी कडक थंडी नको. तिला हवी लांब रात्र. दिवस व रात्र ह्यांच्या लांबीवर वनस्पतींचें फुलणें अवलंबून असतें, हें गार्नर व अलार्ड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२० मध्यें दाखवून दिलें. पाटोद्यास जूनमध्यें दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरांत अकरा तासांचा. रात्र वाढूं लागते, तशी शेवंती कळ्या धरते. रात्रीं मळ्यांत दिवे लावून फुलणें लांबणीवर टाकण्याची युक्तीही ह्याच तत्त्वावर आधारलेली आहे. शेतकऱ्याला ह्या हिशेबाचें महत्त्व फार; दसरा-दिवाळीचा बाजार आठ दिवसांनीं चुकला, तर तींच फुलें कवडीमोल होतात.

लागवड सोपी आहे. बहर संपला कीं झाड छाटावें, बुंध्याशीं फुटलेल्या काश्या उन्हाळ्याच्या अखेरीस निचऱ्याच्या जमिनींत लावाव्या, आणि रोप जोर धरूं लागलें म्हणजे शेंडा खुडावा. त्यामुळें फांद्या फुटतात व फुलें वाढतात. पाणी सांचूं देऊं नये, कारण मुळें कुजतात. झिपरी, राजा, रेवडी, बग्गी हीं नांवें मराठी माळ्यांनींच तिला दिलीं आहेत, आणि आपलेपणाची ह्याहून मोठी खूण ती कोणती?

फ्रान्समध्यें हीच शेवंती १ नोव्हेंबरच्या सुमारास मृतांच्या थडग्यांवर ठेवितात. जपानांत तिची सोळा पाकळ्यांची आकृति राजघराण्याचें चिन्ह आहे. महाराष्ट्रांत ती देवाच्या हारांत आणि सुवासिनींच्या वेणींत शोभते. फूल एक, अर्थ अनेक. कारण ज्या ऋतूंत व ज्या लोकांत तें उमलतें, त्यांच्या जीवनांतून त्याला अर्थ लाभत असतो. पिओनी पाहावी ती तिच्या थंड देशीं जाऊन, नाहीं तर चित्रांत. पाटोद्याच्या देव्हाऱ्यापुढें मार्गशीर्षांतल्या गुरुवारीं जें ताजें फूल वाहतां येतें, तें शेवंतीचें.