वाळूजचा माल समुद्रात बिघडला तर भरपाई किती मिळते? उत्तर एका कागदावर असतं

छत्रपती संभाजीनगरपासून समुद्र सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांब आहे. तरीही वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा इथल्या कारखान्यांमधून निघालेल्या दुचाकी, सुटे भाग आणि औषधं न्हावाशेवा बंदरातून परदेशात जातात. वाटेत कंटेनरमध्ये पाणी शिरलं, माल गंजला किंवा गहाळ झाला तर जहाज कंपनी पैसे देते का, आणि किती? हे सागरी मालवाहतुकीचा कायदा ठरवतो.

शंभर वर्षांनी नवा कायदा

1924 साली ब्रसेल्समध्ये सागरी मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम ठरले. त्यांना 'हेग नियम' म्हणतात. त्यावर आधारलेला कायदा भारतात 1925 मध्ये आला. शंभर वर्षांनी, 2025 मध्ये संसदेनं त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. भाषा सोपी झाली, पण मूळ नियम बहुतांशी तेच राहिले. त्याच वर्षी 1856 चा बिल ऑफ लेडिंग कायदाही बदलला.

बिल ऑफ लेडिंग म्हणजे काय?

ट्रकवाला माल घेताना बिल्टी देतो, तसं जहाज कंपनी बिल ऑफ लेडिंग देते. ही माल मिळाल्याची पावती असते आणि वाहतूक कराराचा पुरावाही. पण बिल्टीपेक्षा तिचं वजन जास्त आहे. ती मालकीहक्काचा कागद मानली जाते. माल समुद्रात असतानाच हा कागद दुसऱ्याच्या नावे करून माल विकता येतो आणि बँकेकडून पैसेही उचलता येतात.

कोणत्या टप्प्याला कोणता कायदा?

वाळूज ते न्हावाशेवा हा ट्रकचा प्रवास 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखाली येतो, तर रेल्वेनं गेल्यास 1989 चा रेल्वे कायदा लागतो. सागरी कायदा जहाजावर माल चढवल्यापासून उतरवेपर्यंतच्या प्रवासाला लागतो. संपूर्ण प्रवासाची जबाबदारी एकाच कंपनीनं घेतली असेल तर 1993 चा बहुविध वाहतूक कायदा बघावा लागतो. म्हणून नुकसान नेमकं कुठे झालं, हा वकिलाचा पहिला प्रश्न असतो.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. हा कायदा भारतीय बंदरातून निघणाऱ्या मालासाठी आहे. शेंद्र्यातल्या कारखान्यानं चीनहून यंत्र मागवलं, तर त्या प्रवासाला कोणता कायदा लागू होईल हे बिल ऑफ लेडिंगच्या अटींवरून बघावं लागतं.

जहाज कंपनी कधी जबाबदार असते?

प्रवास सुरू होण्याआधी जहाज समुद्रात जाण्यायोग्य असावं, पुरेसे खलाशी असावेत आणि मालाची जागा सुरक्षित असावी, यासाठी कंपनीनं योग्य ती काळजी घ्यायला हवी. माल नीट चढवणं, रचणं, सांभाळणं आणि उतरवणं हीसुद्धा तिचीच जबाबदारी.

मात्र सुटकेच्या वाटाही बऱ्याच आहेत. वादळ, युद्ध, संप किंवा कच्चं पॅकिंग यामुळे नुकसान झालं तर कंपनी सुटू शकते. इतकंच काय, कप्तानानं जहाज चालवताना केलेल्या चुकीमुळे माल बुडाला तरीही ती सुटू शकते.

खरा खेळ 'नगां'चा

जबाबदारी सिद्ध झाली तरी भरपाईला कमाल मर्यादा आहे. प्रत्येक नगाला 666.67 एसडीआर किंवा एकूण वजनाच्या दर किलोला 2 एसडीआर, यातली जी रक्कम जास्त ती. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. त्याचा भाव रोज बदलतो.

समजा, एका कंटेनरमध्ये 25 किलोची 200 खोकी आहेत. म्हणजे एकूण 5,000 किलो माल. बिल ऑफ लेडिंगवर '200 नग' लिहिलं असेल, तर मर्यादा 1,33,334 एसडीआर. फक्त 'एक कंटेनर' लिहिलं असेल, तर सगळा कंटेनर एकच नग मानला जातो. मग वजनाच्या हिशेबानं मर्यादा 10,000 एसडीआरवर येते. एक एसडीआर ढोबळमानानं 120 रुपये धरला, तर पहिली रक्कम 1 कोटी 60 लाख होते आणि दुसरी फक्त 12 लाख.

ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष भरपाई झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त मिळत नाही. माल फार महाग असेल, तर त्याची किंमत आधीच जाहीर करून बिलावर लिहून घेता येते. तेव्हा ही मर्यादा लागत नाही.

एक वर्षाची मुदत

करारभंगाच्या दाव्याला एरवी तीन वर्षांची मुदत असते. इथे ती एकच वर्ष आहे. माल मिळाल्यापासून किंवा मिळायला हवा होता त्या तारखेपासून ती मोजतात. न्यायालय फार तर आणखी तीन महिने देऊ शकतं. नुकसान वरून दिसत नसेल, तर तीन दिवसांत लेखी कळवावं. न कळवल्यानं दावा बुडत नाही, पण सिद्ध करणं अवघड होतं.

जहाजालाच अटक

25 मे 2025 रोजी कोचीजवळ 'एमएससी एल्सा 3' हे जहाज सहाशेहून जास्त कंटेनरसह बुडालं. काजू आयातदार केरळ उच्च न्यायालयात गेले. दाव्याच्या रकमेची हमी मिळेपर्यंत त्याच समूहाचं दुसरं जहाज रोखून ठेवण्याचा आदेश न्यायालयानं दिला. 2017 च्या नौवहन दावे कायद्यानं ही ताकद मोजक्या उच्च न्यायालयांना दिली आहे. मुंबई उच्च न्यायालय त्यापैकी एक. संभाजीनगरात त्याचं खंडपीठ असलं, तरी असे दावे मुंबईतच चालतात.

अभ्यास कुठून सुरू करावा?

संभाजीनगरात महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे. इथल्या विद्यार्थ्यांना मराठवाड्यातले निर्यातदार हेच उद्याचे अशील मिळू शकतात. सुरुवात कायद्याच्या परिशिष्टापासून करावी. वाहकाची कर्तव्यं, अपवाद, भरपाईची मर्यादा आणि मुदत हे चारही विषय तिथेच आहेत. सोबत एखादं खरं बिल ऑफ लेडिंग घेऊन त्याच्या मागची बारीक अक्षरांतली कलमं वाचावीत.

उद्योजकांनी कंटेनर निघण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: बिलावर नगांची संख्या आहे का, सागरी विमा काढला आहे का आणि माल पोहोचल्यावर तो लगेच तपासायला समोर कुणी आहे का.