लेण्यासाठी भिंग कोणते?

समजा, शाळेची सहल लातूर जिल्ह्यातील खरोसा लेण्यांना निघाली आहे. तेथील जांभ्या दगडातली शिल्पे बरीच झिजली आहेत. म्हणून आजचे स्पष्ट छायाचित्र ही उद्याची नोंद ठरेल. जवळ मिररलेस कॅमेरा आहे, पण भिंग एकच न्यायचे आहे. कोणते न्याल?

लेण्यात उजेड कमी. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की भिंगाचा 'एफ' आकडा मिळतो. झूम भिंग एफ/४ चे आणि प्राइम, म्हणजे ठरावीक नाभीय अंतराचे भिंग एफ/२ चे असेल, तर प्राइमच्या छिद्राचा व्यास दुप्पट व क्षेत्रफळ चौपट! झूमला १/१५ सेकंद लागत असेल, तर प्राइमला १/६० सेकंद पुरतो. हात हलला तरी चित्र सहसा पुसट होत नाही.

पण प्राइम २४ मि.मी.चे की ५० चे? संवेदकाची रुंदी सुमारे २४ मि.मी. धरा. समरूप त्रिकोण आठवा: २४ च्या भिंगात ३ मीटरवरून ३ मीटर रुंद भिंत मावते, ५० च्या भिंगात जेमतेम दीड मीटर. लेण्यात मागे सरकायला जागा कुठे असते? नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या किल्ल्यात, मोकळ्या पटांगणात, ५० चेही चालेल.

शिवाय एफ/२ साठी ५० च्या भिंगाला २५ मि.मी. व्यासाचे छिद्र लागते, २४ ला फक्त १२. आरसा नसल्याने हे भिंग संवेदकाजवळ बसते आणि आटोपशीर राहते.

तुमच्या कॅमेऱ्याच्या संवेदकाची रुंदी शोधा आणि हेच गणित पुन्हा मांडून पाहा!