मुत्सद्दी कसा घडतो? : के. आर. नारायणन यांचे शिक्षण व कारकीर्द

राजदूत म्हटले की आपल्यासमोर मोटारीवरील झेंडा आणि मेजवान्या येतात. प्रत्यक्षात राजदूत हा परक्या देशात आपल्या राष्ट्राचा डोळा, कान आणि वाणी असतो. तेथील राजकारण समजून घेणे, मायदेशी अचूक अहवाल पाठवणे, करारांची बोलणी करणे आणि संकटात सापडलेल्या आपल्या नागरिकांना मदत करणे हे त्याचे काम. हे काम खानदानावर नव्हे, तर अभ्यासावर उभे असते. याचे ठळक उदाहरण म्हणून आम्ही कोचेरिल रामन नारायणन यांचा जीवनपट येथे मांडत आहोत.

केरळातील उळवूर या खेड्यात, त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या परवन जातीत त्यांचा जन्म झाला. वडील वैद्य होते, पण घरी दारिद्र्य. शाळेसाठी रोज सुमारे १५ किलोमीटर पायपीट करावी लागे. फी थकली की वर्गाबाहेर उभे राहून धडा ऐकावा लागे. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा दम्याने घरीच असलेला थोरला भाऊ नीलकंठन इतरांकडून पुस्तके मागून आणी, ती हाताने उतरवून धाकट्याला देई. नारायणन यांच्या यशाचा पाया या वह्यांनी घातला, असे आम्हाला वाटते.

शिष्यवृत्तीच्या आधारे त्यांनी कोट्टायमच्या सी. एम. एस. कॉलेजात इंटर केले. १९४३ मध्ये त्रावणकोर विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात ते एम. ए. झाले आणि विद्यापीठात पहिले आले. पुढे काही काळ त्यांनी पत्रकारिता केली. एप्रिल १९४५ मध्ये मुंबईत त्यांनी महात्मा गांधींची मुलाखत घेतली. त्याच वर्षी जे. आर. डी. टाटा यांच्या साहाय्याने ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. याच संस्थेने १९२३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना डी. एस्सी. ही पदवी दिली होती. बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणाला बडोद्याच्या शिष्यवृत्तीने वाट करून दिली, नारायणन यांना टाटांच्या. बुद्धी स्वतःची असली, तरी दार उघडणारा हात लागतोच.

तेथे प्रा. हॅरॉल्ड लास्की यांच्या हाताखाली त्यांनी राज्यशास्त्राचा अभ्यास केला. १९४८ मध्ये परतताना लास्कींनी पंडित नेहरूंच्या नावे पत्र दिले. नेहरूंनी त्यांची पारख केली आणि १९४९ मध्ये ते परराष्ट्र सेवेत रुजू झाले. रंगून, टोकियो, लंडन, कॅनबेरा, हनोई येथील वकिलातींत त्यांनी काम केले. पुढे ते थायलंड आणि तुर्कस्तानात राजदूत झाले. चीनशी संबंध बिघडल्यामुळे तेथे सुमारे १५ वर्षे भारताचा राजदूत नव्हता. १९७६ मध्ये ते अवघड पद नारायणन यांच्याकडे सोपवण्यात आले. तुटलेला संवाद पुन्हा जोडणे हीच मुत्सद्द्याची खरी कसोटी असते. १९८० ते १९८४ या काळात ते अमेरिकेत राजदूत होते. मधल्या काळात जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरूपदही त्यांनी सांभाळले. पुढे ते खासदार व मंत्री झाले, १९९२ मध्ये उपराष्ट्रपती आणि १९९७ मध्ये राष्ट्रपती झाले. या सर्वोच्च पदावर बसलेले ते पहिले दलित. ९ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, आज शिफारसपत्राने या सेवेत जाता येत नाही. कोणत्याही शाखेची पदवी घेऊन संघ लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा द्यावी लागते. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत असे तिचे तीन टप्पे आहेत. मुख्य परीक्षा मराठीतूनही लिहिता येते. निवडीनंतर मसुरी व दिल्ली येथे प्रशिक्षण होते आणि एक परकी भाषा शिकावी लागते. म्हणून वर्तमानपत्र, इतिहास, राज्यघटना व भाषा यांचे रोजचे वाचन आजच सुरू करा.

आणि समाजबांधवांना आमचे एकच सांगणे आहे. आपल्या वस्तीतही फीअभावी वर्गाबाहेर उभे राहिलेले एखादे मूल असेल. त्याला नीलकंठनच्या वह्या कोण देणार? हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या घरी जाऊन स्वतःला विचारावा.